तीन पत्तीच्या कानांनी पोकर ऐकताना

बडोद्यातल्या मराठी श्रोत्यांपुढे पोकरच्या परिभाषेविषयी बोलायचे तर सुरुवात कोऱ्या पाटीवर करावी लागत नाही. श्रावणात सातम-आठमला शेजारच्या गुजराती घरात रंगलेला डाव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे, दिवाळीत आपल्याही घरी चिंचोके नाहीतर आगपेटीच्या काड्या लावून तीन पत्ती खेळली जाते, आणि त्यामुळे बूट, चाल, ब्लाइंड, शो, पॅक, कलर, सिक्वेन्स हे शब्द आपल्या कानांवरून गेलेले असतात. नवशिक्याचा घोळ मात्र इथूनच सुरू होतो असे माझे मत आहे. यांतले काही शब्द पोकरमध्येही आहेत, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे, आणि ओळखीचा शब्द ऐकून निर्धास्त झालेला खेळाडू अनोळखी शब्दाने बिचकलेल्या खेळाडूपेक्षा लवकर हरतो. म्हणून आज मी शब्दांची यादी वाचून दाखवणार नाही. पोकरचा एक डाव वाटपापासून शेवटापर्यंत ज्या क्रमाने जातो, त्याच क्रमाने त्याचे शब्द आपण पाहू. पोकरचे प्रकार अनेक आहेत. आपण सर्वाधिक खेळला जाणारा ‘टेक्सस होल्डेम’ हा प्रकार धरून चालू.

आधी हातांची प्रतवारी पाहू. तीन पत्तीत सिक्वेन्स, म्हणजे ओळीने आलेले पत्ते, कलरला, म्हणजे एकाच चिन्हाच्या पत्त्यांना, मारते. पोकरमध्ये हे उलटे आहे. तिथे सिक्वेन्सला स्ट्रेट आणि कलरला फ्लश म्हणतात, आणि फ्लश स्ट्रेटपेक्षा मोठा असतो. हा कोणाच्या लहरीचा प्रश्न नाही, मोजणीचा आहे. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारांनी उचलता येतात; त्यांपैकी साधी सिक्वेन्स ७२० प्रकारांनी बनते आणि कलर १,०९६ प्रकारांनी, म्हणजे सिक्वेन्स दुर्मिळ म्हणून ती मोठी. पाच पत्त्यांचे संच २५,९८,९६० होतात. त्यांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८, म्हणजे इथे फ्लश दुर्मिळ. जे कमी वेळा येते ते मोठे, हा नियम पोकर काटेकोरपणे पाळतो. आपली तीन पत्ती तो तितक्या काटेकोरपणे पाळत नाही, कारण ट्रेलचे (एकाच किमतीचे तीन पत्ते) प्रकार ५२ आणि प्युअर सिक्वेन्सचे (एकाच चिन्हाची सिक्वेन्स) ४८ असूनही आपण ट्रेललाच वरचढ मानतो. पण ती तक्रार घेऊन जायचे कोणाकडे? बाकीची प्रतवारी एका दमात सांगतो: सर्वांत वर रॉयल फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाचे दश्शीपासून एक्क्यापर्यंतचे पाच पत्ते, मग स्ट्रेट फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाचा स्ट्रेट, एकाच किमतीचे चार पत्ते, तीन आणि दोन अशी जोड असलेले फुल हाउस, फ्लश, स्ट्रेट, एकाच किमतीचे तीन, दोन जोड्या, एक जोडी आणि काहीच न जमल्यास सर्वांत मोठा पत्ता. दोघांची जोडी सारखी निघाली तर सोबतचा पत्ता निकाल लावतो, त्याला किकर म्हणतात. एक्का आणि तिर्री घेऊन एक्क्याच्या जोडीवर खूश झालेला खेळाडू एक्का आणि राजावाल्यापुढे हरतो, तो या किकरमुळे.

आता डाव मांडू. पत्ते वाटणाऱ्याच्या जागी एक चकती ठेवलेली असते, तिला बटन म्हणतात, आणि प्रत्येक डावानंतर ती डावीकडच्या खेळाडूकडे सरकते. बटनाच्या लगेच डावीकडचा खेळाडू स्मॉल ब्लाइंड आणि त्याच्या पलीकडचा बिग ब्लाइंड. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता, स्वतःच्या हिमतीवर खेळणे. पोकरमध्ये ब्लाइंड ही हिंमत नव्हे, सक्ती आहे. या दोन जागांवर बसलेल्यांनी पत्ते हाती येण्याआधीच ठरावीक रक्कम मधोमध टाकायची असते, आणि बहुधा स्मॉल ब्लाइंड बिग ब्लाइंडच्या निम्मा असतो. आपला बूट सगळ्यांनाच भरावा लागतो. तशी सर्वांकडून घेतलेली रक्कम पोकरच्या काही प्रकारांत आणि स्पर्धांत असते, तिला अँटी म्हणतात. मधोमध जमलेल्या रकमेला पॉट म्हणतात.

रकमेचा विषय निघालाच आहे, तर कायद्याचेही सांगून टाकतो. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने जुगाराच्या व्याख्येतून ब्रिज आणि रमीबरोबर पोकरही वगळले आहे. आपल्या गुजरातेत मात्र डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने पोकर हा जुगारच ठरवला. पुढे २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी आणली. त्यामुळे आजचे माझे सगळे हिशेब चिंचोक्यांत असतील, आणि घरी सराव करणाऱ्यांनीही ते चिंचोक्यांतच ठेवावेत.

प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात, ते होल कार्ड्स. त्यांत जोडी येण्याची शक्यता सतरात एक, आणि एक्क्यांची जोडी येण्याची २२१ मध्ये एक. बिग ब्लाइंडच्या डावीकडचा खेळाडू सर्वांत आधी बोलतो. त्याच्या जागेला ‘अंडर द गन’ म्हणतात, आणि नाव योग्यच आहे, कारण बाकी सगळ्यांचे बोलणे ऐकण्याआधी त्याला निर्णय घ्यावा लागतो. बटनाच्या आधीची जागा कटऑफ, त्याच्याही आधीची हायजॅक. या सर्व नावांमागे पोझिशन ही एकच कल्पना आहे: जो शेवटी बोलतो त्याच्याजवळ माहिती जास्त. पहिल्या फेरीनंतरच्या प्रत्येक फेरीत बटनवाला सर्वांत शेवटी बोलतो, म्हणून एरवी टाकून द्यावे असे पत्तेही अनुभवी खेळाडू बटनावर बसून खेळतो आणि अंडर द गन असताना तेच पत्ते निमूटपणे टाकतो. नवशिक्यांना ब्लफ, म्हणजे दुबळ्या हातावर मोठी रक्कम लावून समोरच्याला घाबरवणे, हा शब्द फार आवडतो. त्यांनी पोझिशन हा शब्द आधी शिकावा.

बोलायचे म्हणजे काय, तर फोल्ड, म्हणजे आपला पॅक, पत्ते टाकून डाव सोडणे. कॉल, म्हणजे समोरच्याइतकी रक्कम भरणे. आणि रेझ, म्हणजे ती वाढवणे. आधी कोणी काही लावलेले नसेल तर चेक म्हणून, काहीही न भरता पाळी पुढे ढकलता येते. तीन पत्तीत ही सोय नाही. तिथे पाळी आली की चाल द्या, नाहीतर पॅक करा. फेरी संपण्याची रीतही निराळी आहे. तीन पत्तीत चाली फिरत राहतात आणि दोघे उरल्यावर कोणीतरी पैसे भरून शो मागतो. पोकरमध्ये उरलेल्या सर्वांच्या रकमा सारख्या झाल्या की फेरी आपोआप बंद होते. शो मागण्याचा अधिकार कोणालाच नसतो आणि साइड शो, म्हणजे शेजारच्या खेळाडूशी खासगीत पत्ते ताडून पाहणे, हा प्रकारच नाही. पत्ते उघडण्याची वेळ, म्हणजे शोडाउन, शेवटच्या फेरीनंतर आपसूक येते. पहिल्या फेरीत रक्कम न वाढवता नुसते बिग ब्लाइंडइतके भरून आत येणे याला लिंप म्हणतात, आणि जाणकार त्याकडे थोडे तुच्छतेनेच पाहतात. आधी चेक म्हणायचे आणि समोरच्याने रक्कम लावली की लगेच ती वाढवायची, हा चेक-रेझ. आपल्यापुढचे सगळे चिंचोके एकदम मधे सारणे म्हणजे ऑल-इन. त्यानंतर इतर खेळाडू आपसात आणखी लावत राहिले तर ती जादा रक्कम साइड पॉटमध्ये वेगळी ठेवतात, कारण ज्याने जितके लावले तितक्यापुरताच त्याचा हक्क. आणखी एक शिस्त नवख्याच्या लक्षात राहत नाही: थोडे चिंचोके टाकून, समोरच्याचा चेहरा वाचून मग आणखी टाकणे चालत नाही. त्याला स्ट्रिंग बेट म्हणतात आणि नंतर टाकलेली भर परत घ्यावी लागते.

पहिली फेरी झाली की मेजावर तीन पत्ते एकदम उघडतात, तो फ्लॉप. मग एक, तो टर्न. मग शेवटचा, तो रिव्हर. प्रत्येक वेळी आधी वरचा एक पत्ता न दाखवता बाजूला टाकतात, त्याला बर्न म्हणतात. वरच्या पत्त्यावर कोणी खूण केली असेल तर तिचा उपयोग होऊ नये म्हणून ही खबरदारी. उघडलेल्या पाच पत्त्यांचा मिळून बोर्ड होतो आणि हातातले दोन व बोर्डावरचे पाच अशा सातांतून प्रत्येकाने सर्वोत्तम पाच निवडायचे असतात. हातात नव्व्यांची जोडी आणि बोर्डावर तिसरी नव्वी आली तर त्याला सेट म्हणतात. हातात एक आणि बोर्डावर दोन असतील तर ट्रिप्स. दोन्ही तिळेच आहेत, मग दोन नावे कशाला? कारण सेट लपलेला असतो आणि ट्रिप्सची चाहूल बोर्डावरची जोडी पाहून सगळ्यांनाच लागते. पहिल्यात विरोधक जास्त भरतो, दुसऱ्यात सावध होतो.

बोर्ड वाचण्यासाठी ‘नट्स’ हा शब्द समजलाच पाहिजे. दिसणाऱ्या बोर्डावर ज्याला कोणीही हरवू शकत नाही असा हात म्हणजे नट्स. समजा, बदामाचा राजा, बदामाची दश्शी, बदामाची चव्वी, किलवरची सत्ती आणि इस्पिकची दुर्री असा बोर्ड आहे. बोर्डावर जोडी नाही, म्हणून फुल हाउस शक्य नाही, आणि हातातले दोन पत्ते मिळवूनही स्ट्रेट फ्लश जमत नाही. तेव्हा बदामाचा एक्का आणि सोबत आणखी एक बदाम ज्याच्या हाती आहे, त्याच्याकडे नट्स. आता शेवटी दुर्रीऐवजी किलवरची चव्वी आली असती तर? बोर्डावर जोडी झाली, फुल हाउस शक्य झाले, आणि ज्याच्या हाती उरलेल्या दोन्ही चव्व्या आहेत तो चार चव्व्या घेऊन सर्वांत वर जातो. बदामाच्या एक्क्याचा धनी तोच, पण त्याचा हात आता अजिंक्य राहिलेला नाही. नवशिका आपल्या दोन पत्त्यांकडे बघत बसतो. सरावलेला खेळाडू आधी बोर्डाकडे पाहून नट्स काय आहे हे ठरवतो आणि मग आपण त्याच्यापासून किती दूर आहोत ते पाहतो.

हात अजून पुरा झालेला नाही, पण एक पत्ता आला की होईल, अशा अवस्थेला ड्रॉ म्हणतात, आणि तो पुरा करणाऱ्या पत्त्यांना आउट्स. चार बदाम जमले असतील तर उरलेले नऊ बदाम हे नऊ आउट्स. पाच, सहा, सात, आठ असे जमले असेल तर चव्वी किंवा नव्वी, दोन्ही चालतात, म्हणून आठ आउट्स. मधला एकच पत्ता हवा असेल तर चारच, आणि त्याला गटशॉट म्हणतात. एक ढोबळ आडाखा असा की एक पत्ता यायचा असेल तर आउट्सना दोनाने गुणावे, दोन यायचे असतील तर चाराने, म्हणजे शेकडा शक्यता जवळपास मिळते.

हा आकडा ‘पॉट ऑड्स’ या शब्दाशी जोडला तरच उपयोगी. समजा, टर्न उघडला आहे, तुमच्याकडे चार बदाम आहेत, पॉटमध्ये ३०० चिंचोके आहेत आणि समोरच्याने आणखी १०० लावले. तुम्हाला १०० भरून ४०० मिळवायचे आहेत, म्हणजे पाचात एकदा, शेकडा वीस वेळा, जिंकलात तर हिशेब बरोबरीत सुटतो. न दिसलेले पत्ते ४६, आउट्स नऊ. शक्यता शेकडा साडेएकोणीसच्या किंचित वर. सौदा काठावर आहे. बदाम आल्यानंतर समोरचा आणखी काही भरेल असे वाटत असेल, तर त्या अपेक्षेला इम्प्लाइड ऑड्स म्हणतात आणि मग कॉल करणे पटण्याजोगे ठरते. त्याने १०० ऐवजी ३०० लावले असते, तर तुम्हाला तीनात एकदा जिंकावे लागले असते. तेव्हा बिनतक्रार फोल्ड. अपुऱ्या हाताने, पण आउट्स शिल्लक असताना, स्वतःच मोठी रक्कम लावणे याला सेमी-ब्लफ म्हणतात: समोरचा घाबरून गेला तर पॉट तुमचा, आणि न गेला तरी पत्ता येण्याची आशा आहेच.

पत्त्यांच्या टोपणनावांवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण ती न शिकताही खेळता येते. एक्क्यांची जोडी रॉकेट्स, राजांची काउबॉइज, राण्यांची लेडीज, गुलामांची आकारावरून फिशहुक्स, अठ्ठ्यांची स्नोमेन, दुर्र्यांची डक्स. एक्का-राजा म्हणजे बिग स्लिक. दोन नावांमागे मात्र इतिहास आहे. काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या यांना ‘डेड मॅन्स हँड’ म्हणतात, कारण २ ऑगस्ट १८७६ रोजी डेडवुड गावात वाइल्ड बिल हिकॉक याला पोकर खेळताना मागून गोळी घातली गेली, तेव्हा त्याच्या हाती हेच पत्ते होते अशी आख्यायिका आहे. दश्शी-दुर्रीला डॉयल ब्रन्सन याचे नाव मिळाले, कारण लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा त्याने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोनदा जिंकली, आणि दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्याच्या हाती दश्शी आणि दुर्रीच होती. ते ऐकून कोणी हे पत्ते जपायला लागेल तर ते महागात पडेल.

माणसांसाठीचे शब्द अधिक कामाचे आहेत. फिश म्हणजे ज्याच्या येण्याने मेजावरच्या इतरांना आनंद होतो तो. निट म्हणजे नट्सशिवाय हात न घालणारा. मॅनियाक म्हणजे प्रत्येक डावात रक्कम वाढवणारा. आणि कॉलिंग स्टेशन म्हणजे वाढवत नाही, सोडतही नाही, नुसता भरत राहतो असा खेळाडू. त्याच्यापुढे ब्लफ करणे व्यर्थ असते, कारण ब्लफ समजण्यासाठी समोरच्याला आधी भीती वाटावी लागते. डाव बिनसल्यावर चिडून वाटेल तसे खेळत सुटणे म्हणजे टिल्ट. हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला, ते जोरात हलवले की बंद पडते.

शेवटच्या पत्त्यावर दुबळा हात जिंकला तर हरणाऱ्याच्या लेखी तो बॅड बीट. दोन्ही हात मुळात एवढे भक्कम की कोणालाच सोडता आले नसते, तर तो कूलर. पहिल्याला अन्याय म्हणता येईल, दुसऱ्यात कोणाची चूक नसते. हरलेले पत्ते न दाखवता ढिगात सारणे म्हणजे मक, आणि एकदा ढिगात गेलेला हात साधारणपणे मेलेला मानतात. म्हणून आपण हरलो अशी खात्री होईपर्यंत पत्ते उघडे मेजावर ठेवावेत, हातातून सोडू नयेत. मोठा हात लपवून गरीब चेहऱ्याने कॉल करत राहणे याला स्लो-प्ले म्हणतात आणि ते डावपेचात मोडते. सगळे लावून झाल्यावर, आपण जिंकलो हे ठाऊक असताना, समोरच्याला क्षणभर आशा वाटू देऊन मग सावकाश पत्ते उघडणे याला स्लो-रोल म्हणतात. नियमांत त्याला शिक्षा नसली, तरी तसे करणाऱ्याला पुढच्या खेपेस डावाला कोणी बोलावत नाही.