चंद्रामागची शांतता

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओचं बटण फिरवताना दोन स्टेशनांच्या मधे खरखर लागते ना? तिच्यातला थोडासा अंश चक्क आकाशगंगेतून आलेला असतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या अशाच क्षीण लहरी टिपतात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती जागा निवडली, कारण तिथे रेडिओचा गोंगाट कमी होता.

पण काही लहरी खोडदलाही पोचत नाहीत. पहिले तारे पेटायच्याही आधी विश्वात हायड्रोजन भरून होता. त्याची 21 सेंटिमीटरची लहर, विश्व पसरत गेलं तशी ताणली जाऊन आज कित्येक मीटर लांब झाली आहे. या लांब लहरींचं आपल्या वातावरणाच्या वरच्या थरात काही खरं नाही. त्यातून ज्या सुटतील त्या आपल्या गोंगाटात बुडतात. त्या ऐकायला उत्तम जागा म्हणजे चंद्राची पाठ. मधे 3,474 किलोमीटर व्यासाचा चंद्रच आडवा असतो!

ही शांतता कायद्यातही आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीचं 22वं कलम सांगतं, की खगोल निरीक्षणाला बाधेल असं प्रक्षेपण तिथे करू नये. अंतराळ संशोधनाच्या काही फ्रिक्वेन्सी पट्ट्यांना तेवढी सूट आहे. नियम झाला तेव्हा त्या बाजूला कुणी अलगद उतरलंही नव्हतं. 2019च्या जानेवारीत चीनचं चांग-ई 4 यान उतरलं. तिथून पृथ्वी दिसतच नाही, म्हणून निरोप पोचवायला वेगळा उपग्रह ठेवावा लागला. 2025 मध्ये तर मोबाइलसारखं 4जी जाळं चंद्राकडे गेलं. यान कलंडलं, पण पुढची येणारच. चंद्रावरच्या संपर्काला कुठल्या फ्रिक्वेन्सी द्यायच्या, हा विषय 2027च्या जागतिक रेडिओ परिषदेपुढे आहे.

संपर्क हवाच, अंतराळवीरांचा जीव त्यावर असणार. पण माझं म्हणणं आहे, की चंद्रामागे 300 मेगाहर्ट्झच्या खालचा, म्हणजे एक मीटरहून लांब लहरींचा पट्टा पूर्ण मोकळा सोडावा. आणि फक्त ट्रान्समीटरवर नजर ठेवून भागणार नाही. 2023 मध्ये युरोपातल्या लोफार रेडिओ दुर्बिणीला इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांतून गळणाऱ्या लहरी सापडल्या. त्या कुणी मुद्दाम सोडल्या नव्हत्या. आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधूनच झिरपत होत्या. चंद्रामागे जाणाऱ्या प्रत्येक यानाची ही गळती जमिनीवरच मोजावी, आणि मगच त्याला फ्रिक्वेन्सीचा परवाना मिळावा.