द्रवसेतू आणि त्याच्या भोवतीचा वायू

श्रोतेहो, नमस्कार.

समोरासमोर धरलेल्या दोन दांड्यांच्या टोकांमध्ये सिलिकॉन तेलाचा थेंब सोडला, तर तो दोन्ही टोकांना चिकटून छोट्या स्तंभासारखा उभा राहतो. याला द्रवसेतू म्हणतात. त्याला सावरते ते केवळ पृष्ठताण, म्हणूनच पृथ्वीवर त्याची उंची काही मिलिमीटरांपुरती राहते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील जपानी ‘किबो’ प्रयोगशाळेत मात्र 30 आणि 50 मिलिमीटर व्यासाचे सेतू उभे करता आले.

आता वरचा दांडा तापवून खालचा थंड ठेवू. तापमान वाढले की पृष्ठताण घटतो, त्यामुळे थंड पृष्ठभाग उष्ण पृष्ठभागाला आपल्याकडे ओढतो. द्रव कडेने खाली उतरतो आणि गाभ्यातून वर परततो. कार्लो मारंगोनी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने हा प्रवाह ओळखला जातो. दोन टोकांच्या तापमानातील फरक थोडा असेपर्यंत तो सर्व बाजूंनी सारखा व स्थिर वाहतो. फरकाने एक मर्यादा ओलांडली, की पृष्ठभागाजवळच्या बारीक थर्मोकपलवरील, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेवरील, स्थिर आकडा ठरावीक तालात वरखाली होऊ लागतो आणि अवरक्त कॅमेऱ्यात उष्ण व थंड डाग सेतूभोवती फिरताना दिसतात.

ही मर्यादा कोठे आहे, याचे गणित मांडताना भोवतालचा वायू अनेकदा सरळ वगळला गेला. तसे करण्याला आधार होता, कारण हवेची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, अशा प्रयोगांतील पातळ तेलाच्याही तुलनेत कितीतरी पटींनी कमी असते आणि शांत हवा द्रवाला फारसे अडवू शकत नाही. परंतु हवा उष्णता नेते, आणि माझ्या मते खरी मेख तेथेच आहे. तेलातील ही फिरत्या डागांची लहर पृष्ठभाग आणि गाभा यांच्या तापमानातील तफावतीवर पोसली जाते. वायूने पृष्ठभागाची थोडी उष्णता काढून घेतली किंवा त्याला दिली, तरी ती तफावत बदलते आणि मर्यादाही सरकते. हवेऐवजी हेलियम घेतला, तर त्याची उष्णतावाहकता सुमारे सहापट असल्याने तेच तेल, तोच सेतू आणि तेच दांडे असूनही प्रयोग वेगळा होतो. म्हणून प्रयोगाच्या बंदिस्त कोष्ठातील वायू कोणता, त्याचे तापमान किती आणि तो कसा फिरत होता, हे न नोंदवता दिलेला मर्यादेचा आकडा मला अपुरा वाटतो.

याच गुणाचा उपयोग करून घेण्याचा प्रयत्नही होतो. सेतूभोवती समाक्ष, म्हणजे त्याच्याच अक्षावर मध्य असलेली, नळी बसवून तिच्यातून ठरावीक वेगाने वायू सोडतात. तो पृष्ठभागाच्या प्रवाहाच्या दिशेने वाहतो की विरुद्ध, द्रवाहून थंड आहे की उष्ण, यांवर अस्थिरता लांबते की लवकर येते ते ठरते. घर्षण आणि उष्णता यांचे परिणाम येथे एकमेकांत इतके मिसळतात की वेग वाढवला म्हणजे स्थैर्य वाढेल, असे सरसकट म्हणता येत नाही.

हा प्रश्न निव्वळ तात्त्विक नाही. तरंगत्या वितळपट्ट्याच्या पद्धतीने सिलिकॉनचा स्फटिक वाढवताना घन भागांमध्ये वितळलेल्या सिलिकॉनचा असाच आधाराविना पट्टा असतो आणि त्यातील प्रवाह हेलकावला, तर स्फटिकात अशुद्धीचे सूक्ष्म पट्टे उमटतात. तेथे वायूची आणखी एक करामत दिसते: भोवतालच्या वायूतील अत्यल्प ऑक्सिजनही द्रवाच्या पृष्ठभागावर शोषला जाऊन पृष्ठताण कमी करतो आणि तापमानानुसार तो किती बदलावा, हेही पालटून टाकतो. म्हणजे प्रवाहाला चालवणारी ओढच वायूच्या शुद्धतेवर अवलंबून राहते.