सौम्य सिगारात चूक लपत नाही

[दृश्य: सिबाओचं खोरं, तंबाखूची शेतं]

कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर भागातलं सान्तियागो शहर. डेव्हिडॉफ हे नाव आज इथल्या तंबाखूशी जोडलं गेलंय, पण सुरुवात क्युबाची. जिनिव्हातले तंबाखू-व्यापारी झिनो डेव्हिडॉफ यांच्या नावाचे सिगार हवानात वळले जात. दर्जावरून क्युबाशी बिनसलं, आणि 1989 मध्ये झिनोंनी एक लाखाहून जास्त सिगार जाहीरपणे जाळून टाकले. मग काम आलं हेंड्रिक केल्नर यांच्याकडे. त्यांचा ‘ताबादोम’ हा कारखाना 1984 पासून इथे चालू होता.

[दृश्य: एक बारीक सिगार, शेजारी मोजपट्टी]

हा डेव्हिडॉफचा सौम्य सिगार, सिग्नेचर नंबर 2. लांबी 6 इंच, जाडी 38; म्हणजे इंचाचे 64 भाग केले तर त्यातले 38, साधारण 15 मिलिमीटर. एवढ्या बारीक सिगारात चुकायला जागाच नसते.

सौम्यपणा येतो पानांच्या निवडीतून. झाडाच्या तळाची पानं, वोलादो, पातळ असतात. पटकन पेटतात, चव बेताची. मधली सेको, त्यांना सुवास. शेंड्याकडची लिहेरो भरपूर ऊन खातात. जाड, तेलकट, निकोटिन जास्त आणि जळायला मंद. सौम्य मिश्रणात लिहेरो थोडंच घालतात. अजिबात नाही घातलं, तर धूर नुसता गरम लागतो. आणि ते बरोबर मधोमध हवं. कडेला सरकलं की ती बाजू मागे राहते आणि सिगार तिरका जळतो.

[दृश्य: गोदामातल्या पानांच्या थप्प्या]

खरं काम इथे होतं. वाळलेली पानं ओलसर करून मोठ्या थप्प्या रचतात, त्यांना पिलोन म्हणतात. आतली उष्णता आपोआप वाढते, अमोनिया बाहेर पडतो. गोदामात शिरताच डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. तापमान ठरलेल्या मर्यादेला पोचलं की थप्पी मोडायची, आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत करून पुन्हा रचायची. उशीर झाला तर पान करपतं, सुवास जातो. घाई केली तर अमोनिया पानातच राहतो. तिखट मिश्रणात तो कदाचित खपून जाईल; इथे पहिल्याच झुरक्याला जिभेवर येतो.

[दृश्य: वळणाऱ्यांची बाकं]

विडीत तंबाखूचा चुरा भरतात. इथे लांब पानं शीर काढून, एकेक दुमडून हातात धरायची, म्हणजे मधून हवेला वाट राहते. पान पिळलं गेलं की गाठ बसते आणि धूर ओढलाच जात नाही. मुठीत पानं कमी पडली तर पोकळी राहते. तिथे सिगार तापतो आणि कडवटतो. बाइंडरमध्ये, म्हणजे आतली पानं बांधून ठेवणाऱ्या पानात, गुंडाळलेला गाभा साच्यात दाबतात आणि अधूनमधून फिरवतात, नाहीतर साच्याच्या सांध्याची रेघ उमटते. मग यंत्रावर हवेचा ओढा तपासला जातो. ही तपासणी रॅपर, म्हणजे सगळ्यात बाहेरचं पान, चढवण्याआधीच व्हावी, कारण सगळ्यात महाग पान तेच.

रॅपर अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या बियाणाचं, पण पिकलेलं इक्वेडोरमध्ये. तिथल्या ढगांमुळे ऊन आपोआप मंदावतं, शेतावर कापड ताणावं लागत नाही. पान पातळ, फिकट सोनेरी. चावेता नावाच्या अर्धगोल पात्याने ते कापतात. पानाच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागांच्या शिरा उलट दिशांना जातात, म्हणून ते वळतातही उलट दिशांनी. टोकाला वनस्पतिजन्य डिंकाचा ठिपका, की टोक झाकणारी पानाची टोपी बसली.

एक स्पष्ट सांगायला हवं: सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. सिगारचा धूर छातीत घेत नसले तरी निकोटिन तोंडाच्या त्वचेतून शोषलं जातं, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच.

[दृश्य: स्पॅनिश सीडरची कपाटं]

वळलेले सिगार स्पॅनिश सीडर या सुवासिक लाकडाच्या खोलीत मुरतात, मग रंगाप्रमाणे निवडून पेटीत भरतात. घरी 65 ते 70 टक्के आर्द्रता पुरते. फ्रीजमध्ये ठेवू नये, तिथे ते वाळतात आणि शेजारचा वास धरतात. वाळलेला सिगार एकदम ओल्या हवेत ठेवला, तर आतली पानं भराभर फुगतात आणि नाजूक रॅपर उभं चिरतं. ओलावा काही आठवडे घेऊन हळूहळू द्यावा.