गाडीत काय भरायचं?

(दृश्य : लाकडी गाडीचा सांगाडा. भोवती पोती, पिंपं, सुटं चाक, पाळणा, लोखंडी शेगडी.)

दहा फूट लांब, चार फूट रुंद. एवढ्याशा पेटीत अख्ख्या कुटुंबाचा संसार बसवायचा आहे. नुसता बसून भागत नाही. तो बैलांना ओढायचा आहे, नद्यांतून, डोंगरांवरून, जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटर.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ऑरेगन राज्यात शाळेच्या सहली येतात, तेव्हा मुलांपुढे हे कोडं ठेवलं जातं. जागा आहे ऑरेगन सिटीतलं 'एंड ऑफ द ऑरेगन ट्रेल' हे संग्रहालय. पश्चिमेकडे वस्ती करायला मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावाहून निघालेल्या कुटुंबांच्या गाड्यांचा प्रवास 1840 च्या दशकात इथेच, ॲबरनेथी ग्रीन नावाच्या मोकळ्या जागेवर संपायचा. संग्रहालयाच्या इमारतींनाही गाडीच्या छपरासारख्या अवाढव्य कमानी आहेत, त्यामुळे जागा शोधावी लागत नाही.

(दृश्य : मुलं सामान उचलून गाडीत ठेवतात, काढतात, वाद घालतात.)

आता हिशेब करू. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या माणसाने 1845 मध्ये अशा प्रवाशांसाठी मार्गदर्शिका छापली होती. त्याचा सल्ला असा : माणशी किमान 200 पौंड पीठ, 150 पौंड खारवलेलं डुकराचं मांस, 20 पौंड साखर, 10 पौंड कॉफी, 10 पौंड मीठ. किलोत सांगायचं तर माणशी पावणेदोनशेच्या वर. चौघांचे झाले सातशे. गाडी पेलणार जेमतेम हजार किलो. उरलेल्या तीनशेत नांगर, कुऱ्हाड, बंदूक, पाण्याचं पिंप, अंथरुणं, कपडे, जादा आस आणि बियाणं. आता आजीची खुर्ची कुठे ठेवणार?

(हा हेस्टिंग्ज पिठाच्या बाबतीत भरवशाचा, वाटेच्या बाबतीत नाही. त्याने सुचवलेल्या कॅलिफोर्नियाच्या जवळच्या वाटेवर 1846 मध्ये डॉनर यांचा तांडा गेला, सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकला आणि त्यातली जवळजवळ निम्मी माणसं दगावली.)

सहलीतल्या सगळ्या उपक्रमांत हा सर्वांत सरस, असं आमचं स्पष्ट मत आहे. इथे मुलाला काहीतरी सोडून द्यावं लागतं. आणि जे गाडी भरताना सोडलं नाही, ते वाटेत सुटायचंच. बैल थकले, चढ आला, की शेगड्या, कपाटं, पेटारे रस्त्याच्या कडेला टाकून लोक पुढे जात. वाटेवर अशा सामानाचे ढीग पडलेले असत.

गाडीत बसायला जागा मिळायची ती आजाऱ्यांना आणि तान्ह्यांना. बाकीचे चालत. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर, चार ते सहा महिने. हे सांगितलं की मुलं आपसूक आपल्या बुटांकडे बघतात.

(दृश्य : दोरीची वात वितळलेल्या मेणात बुडते, वर येते.)

मेणबत्त्या बनवणं मात्र संयमाचं काम. वात बुडवायची, काढायची, गार होऊ द्यायची, पुन्हा बुडवायची. एका खेपेला कागदाइतका थर चढतो. पूर्वी मेणाऐवजी जनावरांची चरबी असे आणि तिचा वासही असे. मुलं रांगेने गोल फिरत राहतात आणि हळूहळू गप्प होतात. लोणी काढायचा खेळही अशा संग्रहालयांत हमखास असतो : बरणीत साय, आणि हात दुखेपर्यंत हलवत राहायचं. तांड्यातल्या बायका एवढेही कष्ट घेत नसत. सकाळी दुधाचं भांडं गाडीला टांगून ठेवलं, की दिवसभरच्या हिसक्यांनी संध्याकाळी लोणी तयार.

पोर्टलंडच्या पश्चिमेला बीव्हर्टन, हिल्सबरो भागात मराठी घरं बरीच आहेत. तिथली मुलं रात्री जेवताना या सहलीचं सांगू लागली, की आईवडिलांचे कान टवकारतात ते एकाच गोष्टीने : झाडं नसलेल्या सपाट मुलखात हे गोरे लोक बायसनच्या रानशेणी गोळा करून त्यांवर भाकऱ्या भाजत होते.

(दृश्य : माउंट हूडच्या उताराची घनदाट झाडी.)

शेवटचा टप्पा सगळ्यांत वाईट. एकतर कोलंबिया नदीतून तराफ्यावर गाडी घालायची, नाहीतर 1846 पासून माउंट हूडला वळसा घालणारा बार्लो रस्ता धरायचा. त्याला गाडीमागे पाच डॉलर टोल. एवढे पैसे मोजून वाट्याला यायची लॉरेल हिलची उतरण. तिथे गाड्या झाडांना दोर गुंडाळून इंच-इंच खाली सोडाव्या लागत.

मरण यायचं ते बहुधा पोटातून. पटकीने, विशेषतः 1849 ते 1852 या वर्षांत, कुटुंबंच्या कुटुंबं वाटेत पुरली गेली. सिनेमांनी आपल्या डोक्यात बसवलेले हल्ले त्यामानाने कमी. इतिहासकार जॉन अनरू यांच्या मोजणीनुसार 1840 ते 1860 या वीस वर्षांत मूळ रहिवाशांच्या हातून 362 प्रवासी मारले गेले, आणि प्रवाशांच्या हातून 426 मूळ रहिवासी.

(दृश्य : विलामेट खोरं. निळ्या कॅमस फुलांचं कुरण.)

इथवर सगळं हातात घेता येतं. पण ही माणसं एवढा जीव धोक्यात घालून आली ती जमिनीसाठी, आणि जमीन टेबलावर मांडता येत नाही.

1850 च्या कायद्याने गोऱ्या पुरुषाला 320 एकर फुकट मिळाले. लग्न झालेलं असेल तर आणखी 320, बायकोच्या नावावर. काळ्या माणसांना काही नाही. 1844 च्या कायद्याने तर त्यांना इथे राहायलाच बंदी केली होती. त्याच वर्षी आलेले जॉर्ज वॉशिंग्टन बुश हे काळे वसाहतकार या बंदीमुळेच कोलंबिया नदीच्या उत्तरेला गेले आणि तिकडे गाव वसवणाऱ्यांतले एक झाले.

वाटली गेली ती जमीन विलामेट नदीच्या खोऱ्यातल्या कालापुया या मूळ रहिवाशांची होती, आणि 1850 मध्ये त्यांच्याशी एकही करार अमलात आलेला नव्हता. येणाऱ्यांना हे खोरं देवाने सपाट करून ठेवल्यासारखं वाटलं : उंच गवत, अधूनमधून ओक, नांगर घालायला तयार. प्रत्यक्षात कालापुया दर वर्षी उन्हाळा सरताना गवत पेटवून हे माळ मोकळे राखत, कॅमसचे कंद वाढावेत म्हणून. ते कंद खड्ड्यात तापलेल्या दगडांवर पुरून भाजले की गोड लागतात. 1830 च्या दशकात हिवतापाने या लोकांचा फार मोठा भाग नेला. 1855 च्या करारात उरलेल्यांकडून खोरं लिहून घेतलं गेलं आणि पुढच्या वर्षी त्यांना ग्रँड रोंड इथल्या राखीव प्रदेशात हलवलं.

आमच्या दृष्टीने सहलीतला खरा धडा इथे सुरू होतो, आणि बरीच वर्षं तो इथेच संपत होता. गाडी भरून झाली, मेणबत्ती पिशवीत घातली, की बस निघायची. 2017 मध्ये ऑरेगनच्या विधिमंडळाने कायदा करून मूळ रहिवाशांचा इतिहास शाळांत शिकवणं बंधनकारक केलं, आणि धडे तयार करताना राज्यातल्या नऊ मान्यताप्राप्त जमातींशी सल्लामसलत आली. आता वर्गात ऐकलेलं घेऊन मुलं संग्रहालयात येतात आणि अडचणीचे प्रश्न विचारतात. गाडी भरायच्या खेळापेक्षा त्या प्रश्नांना जास्त वेळ द्यायला हवा, सहलीची बस थोडी उशिरा सुटली तरी चालेल.

(दृश्य : विलामेट धबधबा. काठावर जुन्या कागद गिरणीचे अवशेष.)

संग्रहालयापासून हा धबधबा फार लांब नाही. सामन आणि लॅम्प्रे मासे धरायला इथे पिढ्यान्‌पिढ्या लोक जमत. पुढे काठावर गिरण्या आल्या. ऑरेगन सिटीच्या काठावरची कागद गिरणी 2011 मध्ये बंद पडली, आणि 2019 मध्ये ती जागा ग्रँड रोंडच्या जमातींनी विकत घेतली, पैसे मोजून.