पलूसच्या रानातली बटाट्याची तोफ

ऊस तुटून गेलाय, रान मोकळं आहे. किर्लोस्करवाडी इथून जवळच. १९१० साली माळावर किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या भागात लेथ आणि वेल्डिंग घरोघरी नसलं तरी गल्लोगल्ली आहे. त्यामुळे चार पोरं लोखंडी नळी घेऊन रानात दिसली, तर कुणी फारसं वळून बघत नाही. आज मात्र बघतायत, कारण सोबत बटाट्याचं पोतं आहे.

यंत्र साधं. एक टाकी, एक वॉल, एक नळी. टाकीत हवा दाबून भरायची आणि ती एकदम सोडायची.

टाकीवरून पहिलं भांडण झालं. दुकानदाराचा सल्ला होता, "सहा केजीचा पीव्हीसी घ्या, काय होत नाय." सहा केजी म्हणजे चौरस सेंटिमीटरला सहा किलोचा दाब. पण पाइपावरचा तो आकडा पाण्यासाठी असतो. पाणी जवळपास दबतच नाही, म्हणून पाइप तडकला की दाब जागेवर संपतो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळते आणि उन्हात ठिसूळ झालेल्या पीव्हीसीचे तुकडे सुरीसारखे उडतात. २०२५च्या दिवाळीत भोपाळकडे असल्याच पाइपांच्या कार्बाइड गननं कितीतरी पोरांचे डोळे गेले. तिथं गॅसचा स्फोट होता, इथं नुसती हवा. तरी पीव्हीसीची टाकी नकोच.

म्हणून ही छोट्या कॉम्प्रेसरची लोखंडी टाकी, सेफ्टी वॉलसकट. जुनी आहे, आतून गंजली असेल तर? मग द्राक्षबागेतला फवारणीचा एचटीपी पंप कामाला आला. टाकी पाण्यानं गच्च भरली, पंपानं दाब ८ केजीपर्यंत चढवला, अर्धा तास तसाच ठेवला. काटा हलला नाही. हवा भरायची ती मात्र चौरस इंचाला ४० पाउंड, म्हणजे ३ केजीच्याही आत.

आता बटाटाच का? नळीचं तोंड कानशीनं घासून धार आणली आहे. बटाटा त्यावर ठेवून दाबला की नळी स्वतःच तिच्या मापाची गुल्ली कापून घेते. कडेनं फट राहत नाही आणि सुटलेलं पाणी आतून तेलासारखं काम करतं. रबराचं बूच एवढं नेमकं बसवायचं तर लेथवर जावं लागेल. हे बटाटे हद्दीपलीकडचे, साताऱ्यातल्या पुसेगावचे. नळी आतून ५ सेंटिमीटर, तेव्हा ४० पाउंडाला गुल्लीमागे साधारण ५५ किलोचा जोर येतो. भरलेल्या पोत्यापेक्षाही जास्त.

आणि तरी पहिला बार फुस्स. गुल्ली दहा पावलांवर पडली. मागून आबांचा आवाज आला, "आरं, खायाचं सोडून मातीत घालताय व्हय?"

चूक हवेची नव्हती, हाताची होती. वॉलची दांडी हळू फिरली की हवा थोडी थोडी सुटते. गुल्ली जोर धरायच्या आधीच नळीतून सरकून जाते. उपाय गलोलीतून आला. मोटरसायकलच्या ट्यूबची पट्टी दांडीला ताणून बांधली आणि दांडी खिळ्यानं अडवली. खिळ्याला लांब दोरी. दोरी ओढली की दांडी फाटदिशी फिरते. दोरी लांब ठेवल्यानं माणूसही बाजूला राहतो. समोर तर कुणीच नाही, अगदी टाकी रिकामी असली तरी.

दुसरा बार.

आवाज ऐकलात? बाटलीचं बूच उडाल्यासारखा, फक्त बाटली घागरीएवढी. मोबाइल सेकंदाला २४० फ्रेमवर लावला होता. ४ मीटरवर रोवलेल्या दोन बांबूंमधलं अंतर गुल्लीनं ३२ फ्रेममध्ये कापलं. हिशेब करा : सेकंदाला ३० मीटर, तासाला १०८ किलोमीटर. मध्यमगती गोलंदाजाचा चेंडू. वाऱ्याचा अडथळा नसता तर ४५ अंशात ९० मीटर गेली असती. टेप धरली तर ६० भरले. चौकोनी एकराची एक बाजू.

असे अकरा बार झाले. एक वाकडा गेला, तेव्हा आम्ही नळी पुन्हा घट्ट केली. बाराव्याला आबा उठले, काठी टेकत पोत्यापाशी आले आणि आत हात घालून बघितलं.

"किलोभर ऱ्हायलंय. द्या हिकडं, रस्सा करायचाय."