मॉड्यूलला हात लावण्याआधी

मघाशी कोणीतरी विचारलं, एसएफपी, म्हणजे नेटवर्क स्विचच्या पोर्टात बसणारं आणि फायबरमधून प्रकाशाने डेटा पाठवणारं छोटं मॉड्यूल, बदलायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. स्विच बंदही करावा लागत नाही, चालू यंत्रातूनच ते निघतं. इतकं सोपं आहे म्हणूनच माणूस विचार न करता हात घालतो.

आधी डोळ्यांचं बोलू. या मॉड्यूलांचा 1310 आणि 1550 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश आपल्याला दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. साधी मॉड्यूलं लेसर-सुरक्षेच्या क्लास 1ची, नेहमीच्या वापरात निर्धोक. पण लाइनवर कुठे अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर हातातल्या टोकातून किती ताकदीचा प्रकाश येतोय हे बघून कळत नाही. तेव्हा टोकात डोकावायचं नाही, भिंग लावून तर नाहीच नाही. काही जण मोबाइलचा कॅमेरा समोर धरतात. 850चा प्रकाश त्यात कधीकधी जांभळट दिसतो, पण सिलिकॉनच्या सेन्सरला साधारण 1100च्या पुढचं दिसत नाही. ‘कॅमेऱ्यात उजेड नाही’ म्हणून चांगली मॉड्यूलं बाद करणारे मी पाहिलेत. प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर कशासाठी असतो?

बरं, मुळात मॉड्यूल बिघडलंय हे ठरवलं कोणी? स्विचवर कमांड देऊन त्याचे आकडे वाचा. पाठवणारी पॉवर ठीक आणि येणारी -40 डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) आसपास, म्हणजे प्रकाश पोचतच नाही. दोष बहुधा केबलमध्ये किंवा पलीकडच्या टोकाला. नेहमीपेक्षा 3 डीबी कमी, म्हणजे निम्मा प्रकाश वाटेत गेला. माझा पहिला संशय धुळीवर असतो. सिंगलमोड फायबरचा गाभा साधारण 9 मायक्रॉनचा, त्याच्यापुढे एक बारीक कणही धोंडा ठरतो. टोक स्कोपखाली बघा, क्लिनरने पुसा, पुन्हा बघा. कितीतरी वेळा काम इथेच संपतं.

आणि पोर्ट कोणता? एका रात्री मी शेजारचं, चांगलं चाललेलं मॉड्यूल उपसलं. दोन ओळींच्या स्विचमध्ये खालच्या ओळीतली मॉड्यूलं बहुधा उलटी बसतात, आणि मधल्या दिव्यांचे त्रिकोण वरचा पोर्ट की खालचा ते दाखवतात. मी त्रिकोण पाहिला नव्हता. तेव्हापासून आधी कमांडने पोर्ट बंद करतो आणि दिवा विझलेला डोळ्याने बघतो.

मग मनगटाचा अर्थिंग पट्टा चॅसीला, म्हणजे स्विचच्या धातूच्या सांगाड्याला. फायबर आधी काढायचा, त्याच्या टोकाच्या एलसी कनेक्टरचा खटका दाबून; वायर धरून ओढायची नाही. लगेच टोप्या, फायबरलाही आणि मॉड्यूललाही. मग मॉड्यूलच्या तोंडाशी असलेली कडी पाडून ते सरळ ओढा. ते चांगलंच तापलेलं असतं, दचकून हातातून सोडू नका.

नवं घेताना कडीच्या रंगावर जाऊ नका. काळी 850ची, निळी 1310ची असा रिवाज आहे, पण लेबल वाचा. एकाच धाग्यावर दोन्ही दिशांनी चालणारी बायडाय मॉड्यूलं जोडीची असतात; दोन्हीकडे एकच प्रकार लावला तर लिंक येणार नाही. आणि 80 किलोमीटरचं मॉड्यूल हाताशी आहे म्हणून दोन मीटरच्या पॅचकॉर्डवर लावू नका. समोरच्या रिसीव्हरचे डोळे दिपतात, प्रसंगी तो जळतोही. लावावंच लागलं तर मध्ये प्रकाश कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर हवा.

नवं आत सरकवून टक् आवाज आला की फायबर लावा, पोर्ट उघडा, आकडे पुन्हा वाचून जुन्यांशेजारी लिहा. काढलेलं मॉड्यूल खिशात टाकू नका. टोपी लावून, पोर्ट नंबर चिकटवून अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा. नव्यावरही आकडे तेच आले, तर ते परत लागणार आहे.