पायटांवर उभा राहणारा विश्वविजेता : स्टेफान एव्हर्ट्स

श्रोतेहो, नमस्कार. डांबरी ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यती दूरचित्रवाणीमुळे आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. मोटोक्रॉसचे तसे नाही. माती, वाळू, चिखल, तीव्र चढउतार आणि उंच उड्या असलेल्या मार्गावर अनेक स्वार एकाच वेळी सुटतात, आणि फेरीगणिक त्या मार्गावरच्या चाकोऱ्या इतक्या खोल होत जातात की पहिल्या फेरीत सोयीची वाटलेली वाट शेवटच्या फेरीत घात करू शकते. या खेळाचा जागतिक अजिंक्यपदांचा विक्रम बेल्जियमच्या स्टेफान एव्हर्ट्सच्या नावावर आहे. त्याने 10 अजिंक्यपदे जिंकली.

स्टेफानचा जन्म 25 नोव्हेंबर 1972 रोजी लिम्बुर्ग प्रांतातील ब्रे येथे झाला. हा मुलूख वाळूचा; मऊ वाळूत गाडी सांभाळण्याचे शिक्षण तेथील मुलांना घराजवळच मिळते. त्याचे वडील हॅरी एव्हर्ट्स स्वतः चार वेळा विश्वविजेते होते, त्यामुळे मुलाकडून लोकांच्या अपेक्षा काय असतील हे वेगळे सांगायला नको. 1991 मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, सुझुकीवर स्वार होऊन त्याने 125 सीसी गटाचे अजिंक्यपद मिळवले. पुढच्या अजिंक्यपदासाठी त्याला 1995 पर्यंत थांबावे लागले. मग मात्र 250 सीसी गटात त्याने सलग तीन वर्षे कोणाला पुढे जाऊ दिले नाही. 1998 चे अजिंक्यपद हंगामातील ग्रीसमधल्या अखेरच्या शर्यतीत फ्रान्सच्या सेबास्तियाँ तोर्तेलीने त्याच्याकडून हिरावून घेतले आणि पाठोपाठ दुखापतींची दोन वर्षे आली. पुढे पाच अजिंक्यपदांचा धनी ठरलेल्या ज्योएल स्मेट्सचा दबदबा त्या काळात 500 सीसी गटात होता. स्टेफानचे दिवस सरले, असे म्हणणाऱ्यांना तेव्हा पुरेसा आधार होता.

माझ्या मते त्याची खरी थोरवी येथून पुढे दिसते. 2001 मध्ये तो यामाहाच्या फोर-स्ट्रोक गाडीवर 500 सीसी गटात उतरला आणि थेट 2006 पर्यंत सलग सहा अजिंक्यपदे त्याने जिंकली. हे कसे साधले, याचे उत्तर त्याच्या बसण्यात, किंबहुना न बसण्यात आहे. बहुतेक स्वार वळण आले की सीटवर टेकतात आणि आतला पाय पुढे काढतात. स्टेफान शक्य तेथे वळणातही पायटांवर, म्हणजे गाडीच्या पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभाच राहत असे. उभ्या स्वाराचे गुडघे आणि घोटे खड्ड्यांचे धक्के स्वतः झेलतात, त्यामुळे मागचे चाक कमी उसळते आणि जमिनीवरची पकड टिकते. त्यातच तो वरचा गिअर ठेवून, इंजिन न किंचाळू देता, थ्रॉटल हळुवार उघडत असे. तो संथ चालला आहे असे पाहणाऱ्याला वाटे. घड्याळ मात्र वेगळेच सांगे. शेवटच्या फेऱ्यांत इतरांचे हात जड होऊ लागत, तेव्हा त्याच्याकडे वाचवून ठेवलेली ताकद शिल्लक असे. फोर-स्ट्रोक इंजिनाची खालच्या वेगातली ओढ या शैलीला विलक्षण मानवली.

2003 मध्ये फ्रान्समधील एर्ने येथे एकाच दिवशी तो 125, मोटोक्रॉस जीपी (सर्वोच्च गट) आणि 650 अशा तिन्ही गटांत उतरला आणि तिन्ही ग्रां प्री, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेतील शर्यती, जिंकल्या. एका शर्यतीनंतर धडधाकट स्वारही घामाने निथळून निघतो. एका दिवसात तीन निरनिराळ्या गाड्यांचे वजन, ताकद आणि स्वभाव सांभाळून जिंकणे केवळ ताकदीच्या जोरावर अशक्यच होते. पुढे 2006 च्या अखेरच्या हंगामात 15 पैकी 14 ग्रां प्री त्याने जिंकल्या. कारकिर्दीतील ग्रां प्री विजय 101 झाले आणि सर्वोच्च स्थानी असतानाच त्याने निवृत्ती घेतली. ज्योएल रॉबेर आणि रॉजर डी कॉस्टर यांच्यासारखे दिग्गज ज्या छोट्याशा देशाने घडवले, त्या देशाने त्याला पाच वेळा वर्षातील सर्वोत्तम क्रीडापटू म्हणून गौरवले.

निवृत्तीनंतर त्याने केटीएमच्या मोटोक्रॉस संघाची धुरा अनेक वर्षे सांभाळली. त्याच संघात नेदरलँड्सचा जेफ्री हर्लिंग्स घडला आणि 2023 मध्ये त्यानेच 101 विजयांचा विक्रम मागे टाकला. 10 अजिंक्यपदांपर्यंत मात्र अजून कोणीही पोहोचलेले नाही.